थेट रविवार

त्या ख्रिस्ती मंडळीत कुणी मरत नसे. म्हणजे मरायचे सगळेच, मरण कुणाला चुकलंय, पण तसं म्हणायचं नाही असा दंडक होता. काही वर्षांपूर्वी पाळकसाहेबांची बायको वारली. त्यानंतरच्या पहिल्याच उपासनेत पाळकसाहेबांनी उभं राहून सांगितलं, की आपला तारणारा हरलेला नाही, त्यानं मरणाला चारी मुंड्या चीत केलंय, तेव्हा त्याच्या माणसांनी मेली, वारली, गेली असले पडेल शब्द तोंडातून काढायचे नाहीत. माझी बायको जिंकली, असं ते म्हणाले. त्या दिवशी सगळ्यांना भरून आलं. माणूस खरंच दुःखात होता आणि शब्दही चांगला होता. मग तो रुळलाच. टपालवाला जिंकला, शाळेतल्या थोरल्या बाई जिंकल्या, कोपऱ्यावरचा न्हावी दाढी करता करता वस्तरा हातात धरूनच जिंकला. बाहेरच्या माणसाला वाटावं, यांच्यात सारखी कुणाला ना कुणाला लॉटरी लागतेय.

चावीवाल्याची बायकोही तसंच म्हणायची. खोटं कशाला सांगा, तिला तो शब्द आवडायचा. पलीकडच्या जिन्यातल्या बाईचा नवरा झोपेत गेला, तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत हिनंच म्हटलं होतं, रडू नको गं, जिंकला तो. त्या बाईनं हिच्याकडे असं काही बघितलं होतं, की हिनं हात काढून घेतला. तेव्हा हिला वाटलं, बाईचा विश्वास कच्चा आहे.

चावीवाला म्हणजे तिचा नवरा. वळणावर त्याची एवढीशी टपरी होती, आत एक स्टूल आणि चाव्या कापायचं यंत्र. तो दिवसभर चाव्या घासायचा आणि संध्याकाळी नखांत पितळेचा कीस घेऊन घरी यायचा. ती रुग्णालयाच्या तळघरात, धुलाई विभागात. रक्ताच्या चादरी आधी गार पाण्यात टाकायच्या, मग गरम, नाहीतर डाग कायमचा बसतो. धुतलेली चादर दोघींनी धरून इस्त्रीच्या गरम रुळांत सोडायची, पलीकडून दोघींनी ओढून घडी घालायची. वाफेनं अंग भिजलेलं आणि यंत्राच्या आवाजानं कान गेलेले. घरी दोन खोल्या. आतल्या खोलीत चावीवाल्याची आई पलंगाला खिळलेली. पाय गेले होते, आणि डोक्यात नवं काही टिकत नव्हतं. सकाळचं दुपारी विसरायची.

आणि छोटी. एकुलती एक मुलगी. बाप तिच्या खांद्याला लागायचा, तरी नाव छोटीच. सायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या शर्यतीत उतरायची. आईला आधी तो सगळा थिल्लरपणा वाटायचा. पोरीच्या जातीनं पाय उघडे टाकून रस्त्यानं धावायचं म्हणजे काय, असं ती म्हणायची. मग एकदा जाऊन बघितलं आणि बाईसाहेबांना असं वेड लागलं की विचारू नका. गिअर म्हणजे काय, चढावर कुणाच्या मागे राहायचं, सगळं तोंडपाठ. फक्त छोटी जिंकायची नाही. कधी सहावी, कधी नववी, एकदा तिसरी आली तर घरात दिवाळी आल्यासारखा आनंद. आजी तेवढी प्रत्येक वेळी विचारायची, जिंकलीस का गं? छोटी म्हणायची, पुढच्या वेळी आजी. आजी ते विसरायची आणि पुढच्या वेळी पुन्हा नव्यानं विचारायची.

प्रार्थनेत सार्वकालिक गोष्टी मागाव्यात, सटरफटर मागू नये, असं पाळकसाहेब सांगायचे. चावीवाल्याची बायको सार्वकालिक सगळं मागून झालं की शेवटी हळूच घुसवायची, की प्रभू, तू एवढा बलवान, एवढा विजयी, तुझ्या खजिन्यात काय कमी आहे? माझ्या पोरीला एकदा जिंकू दे. एकदाच. फार नको.

त्या शनिवारी मोठी शर्यत होती, डोंगरावर जाऊन खाली यायची. आईला रजा मिळाली नाही, कारण रुळांवरची दुसरी बाई तापानं पडली होती. चावीवाला टपरी बंद करून गेला होता. दुपारी मुकादमबाईच्या टेबलावरचा फोन वाजला. मुकादमबाईनं हातानं खूण केली, तुझा. ही ओल्या हातानंच गेली.

"अगं," नवरा म्हणाला, "आपली छोटी जिंकली."

यंत्राचा आवाज इतका, की तिनं एका कानावर तळवा दाबला. काय म्हणालात, पुन्हा सांगा, असं ती ओरडली. त्यानं पुन्हा सांगितलं. आवाज त्याचा फुटत होता. हा माणूस कधी रडत नाही आणि आज बघा, असं तिच्या मनात आलं. घरी ये, पाळकसाहेब आलेत, तो म्हणाला. फोन ठेवला गेला.

मग काय झालं ते धुलाई विभागातली एकही बाई विसरणार नाही. जिंकली, माझी पोरगी जिंकली, असं ओरडत ती टेबलाभोवती नाचली. तिथल्या बाकीच्या बायका काही मंडळीतल्या नव्हत्या. त्यांना जिंकली म्हणजे जिंकली. त्यांनी तिला घट्ट धरलं, कुणी धुतलेली चादर झूल घालावी तशी तिच्या खांद्यांवर टाकली. मुकादमबाई म्हणजे कुणी हसलं तर पगार कापेल अशी बाई, पण तिनं चालू पाळीत यंत्र बंद केलं आणि खणातून चॉकलेटं काढून वाटली. जा घरी, म्हणाली, आजची हजेरी मी लावते.

रस्त्यात तिनं केक घेतला. मोठा, वर क्रीमची फुलं असलेला. दुकानदारानं विचारलं, काय लिहायचं? ती म्हणाली, जिंकली एवढंच लिहा. तिच्या तोंडून तो शब्द कितीदा निघाला असेल आणि कुणाकुणासाठी निघाला असेल, पण त्या दिवशी मंडळीचा अर्थ तिच्या मनाला शिवला नाही. शब्दाचा साधा अर्थ पहिल्यापासून होता, तो लोक विसरले होते, आणि ती एकटी नेमक्या त्याच दिवशी त्याच्याकडे परत गेली होती.

घरात मंडळीतली माणसं दाटीवाटीनं बसलेली, सगळ्यांच्या अंगात पांढरे कपडे. ती दारात आली तसं त्यांनी गाणं सुरू केलं, विजयी राजाचं. तीही हसत आत गेली. एवढे सगळे आले, तिला वाटलं, एका सायकलच्या शर्यतीसाठी. छोटी कुठंय, तिनं विचारलं. गाणं चालूच राहिलं. पाळकसाहेब पुढे झाले, त्यांनी तिच्या हातातलं खोकं घेतलं आणि म्हणाले, "छोटी प्रभूच्या विजयी सेनेत आहे, बाई." नवरा कोपऱ्यात उभा होता. त्याच्या सदऱ्याला डाग होते. असे डाग रोज तिच्या हाताखालून जायचे, त्यामुळे ते कशाचे हे तिला सांगावं लागलं नाही. मान डोलावून तो तिच्याकडे बघत होता, जणू फोनवर सांगितलेलंच पुन्हा सांगतोय.

डोंगराच्या उतारावर वळणात बारीक खडी होती. पुढचं चाक घसरलं आणि डोकं कठड्यावर आपटलं. बस, एवढंच. कुणाची चूक नाही, कुणाला शिव्या घालाव्यात तर तेही नाही.

आलेल्या माणसांना चहा द्यायचा तर सोबत काहीतरी हवं, म्हणून कुणीतरी तो केक कापला. बश्यांतून फिरला. खाणाऱ्यांना त्यावरच्या अक्षरांत काही वावगं दिसलं नाही, उलट एका बाईनं आईचा विश्वास बघा म्हणून डोळे टिपले. आईनं ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती रडायला गेली की दोन्ही बाजूंच्या बायका कोपर धरायच्या आणि गाणं एक पट्टी वर चढायचं. ही त्यांची जुनी रीत. तीसुद्धा आजवर अशीच चढ्या पट्टीत गायली होती.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या आधी तिनं पाळकसाहेबांना स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं. तिचं मागणं एकच होतं. कबरेपाशी एकदा, सगळ्यांसमोर, ही मुलगी मेली असं म्हणा. मग हवं तेवढं विजयाचं गा, मी आडवी येणार नाही. पण आधी तेवढं म्हणा, म्हणजे मला रडता येईल.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, की ज्यानं मरणाला हरवलं त्याच्याच माणसाला मेलं म्हणायचं, म्हणजे त्याला खोटं पाडणं झालं.

"तो स्वतः मेला होता की नव्हता?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी क्रुसावर मेला होता. पण तिसऱ्या दिवशी, रविवारी..."

"तिसऱ्या दिवसाचं मला ठाऊक आहे. मी आधीचं विचारतेय. त्याच्या आईला शुक्रवार मिळाला, शनिवार मिळाला. पोटभर रडली असेल ती. मला तुम्ही थेट रविवार देताय. तो मला नाही गिळवत."

पाळकसाहेब ओट्याला टेकून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी शुक्रवारात पाय ठेवला तर बाहेर येणार नाही, बाई. बायको गेली तेव्हाच कळलं मला ते." आणि गेली हा शब्द तोंडातून निसटला हे त्यांच्याच लक्षात आलं, तसे ते चटकन नळाखाली तोंड धुऊन बाहेर पडले. लगेच बाहेर गाणं सुरू झालं. त्यांचाच आवाज सगळ्यांत वर होता.

म्हणजे त्या एवढ्या मोठ्या शब्दाखाली काय होतं, तर एका विधुराची भीती. तिला त्याची कीवही आली आणि रागही आला, आणि रागच जास्त आला. तुझ्या भीतीसाठी आम्ही सगळ्यांनी का म्हणून गप्प बसायचं?

कबरेपाशी त्यांनी बापाला साक्ष द्यायला सांगितलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आदल्या रात्री तिनं त्याची विनवणी केली होती, निदान तुम्ही तरी म्हणा. तो पुढे झाला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "माझी मुलगी जिंकली." लोकांनी आमेन म्हटलं. तिच्या छातीत जे वर येऊन थांबलं होतं ते तिथंच बसलं. गार पाण्याच्या आधी गरम पडावं तसं झालं.

पुढचे काही दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. म्हणजे मीठ द्या, दार लावा, आईचं औषध संपलंय, एवढंच. एकदाच तिनं विचारलं, की फोन केलात तेव्हा शर्यत आठवली नाही का तुम्हाला? मला काय वाटेल, मनात आलं नाही? तो पार गोंधळला. त्याला खरंच आठवली नव्हती. वर्षानुवर्षं ज्या शब्दानं वाईट बातमी सांगायची तोच शब्द त्यानं उचलला होता, पाना उचलावा तसा, न बघता. मग आता म्हणा, ती म्हणाली, इथं कुणी नाही. "मला येत नाही गं म्हणायला," तो म्हणाला आणि टपरीवर निघून गेला.

धुलाई विभागात तरी रडता येईल म्हणावं, तर तिथली तऱ्हा वेगळी. त्या बायकांनी तिला नाचताना पाहिलं होतं. चादर पांघरवली होती, चॉकलेटं खाल्ली होती. आता त्या तिच्याशी नजर मिळवत नव्हत्या. मुकादमबाईनं तिला घडीच्या हलक्या कामावर लावलं आणि विषय टाळला. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तिची लाज त्यांना घालवता येत नव्हती. घरी मंडळीच्या बायका हसऱ्या तोंडानं अभिनंदन करून जायच्या. रडायला जागा म्हणून कुठं उरली नव्हती.

राहिली सासू. छोटी दिसत नाही म्हणून म्हातारी रोज विचारायची आणि चावीवाला रोज तिच्या उशाशी बसून सांगायचा, "छोटी जिंकली, आई." म्हातारीच्या डोक्यात पाळकसाहेबांचा शब्द कधी शिरलाच नव्हता. तिच्या आठवणीतल्या चर्चमध्ये माणसं मरायची, घंटा वाजायची आणि बायका ऊर बडवून रडायच्या. त्यामुळे जिंकली ऐकलं की ती सुरकुतल्या हातांनी टाळ्या वाजवायची. अखेर जिंकली म्हणायची माझी वाघीण, कप कुठंय, दाखवा मला. चावीवाला म्हणायचा, आणतोय, आणतोय. आणि हसायचा. रोज संध्याकाळी त्या खोलीत छोटी नव्यानं शर्यत जिंकायची, आणि बाप ते बघायला बसायचा.

भिंतीच्या अलीकडे बसून ती ते ऐकायची. एके दिवशी नवरा टपरीवर असताना म्हातारीनं हाक मारली, अगं सूनबाई, छोटी जिंकली का गं? ती हातातलं काम टाकून आत गेली.

"छोटी मेली, आई."

म्हातारी बघत राहिली. कोण, आपली? तिनं विचारलं. हो, आपली. मग म्हातारीनं पदर तोंडाला लावला, काढला, आणि असा हंबरडा फोडला की खिडकीवरची कबुतरं उडाली. माझं लेकरू गं, माझं पाखरू गं, कशी गेलीस मला टाकून. ती रडली, कपाळ बडवलं, देवाला नाही नाही ते बोलली, पुन्हा रडली. त्या घरात छोटीसाठी रडलेलं ते पहिलं माणूस. सून पलंगाच्या कडेला बसून वाट बघत राहिली, आता आपल्यालाही रडू येईल म्हणून. आलं नाही. डोळे ठणठणीत कोरडे. ज्यासाठी एवढं भांडली ते समोर पोटभर चाललं होतं आणि तिला त्यात बोटही बुडवता येत नव्हतं. तिला सासूचा हेवा वाटला. स्पष्टच सांगायचं तर असा हेवा तिला आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

रात्री म्हातारी सगळं विसरली. सकाळी पुन्हा विचारलं, छोटी कुठंय. सुनेनं पुन्हा सांगितलं.

मग ते रोजचंच झालं. कामावरून आलं, चपला काढल्या, हातपाय धुतले, की ती आत जायची आणि सांगायची. म्हातारीला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं आणि ती दर वेळी तितक्याच आकांतानं रडायची. हे पाप आहे हे सुनेला कळत नव्हतं असं नाही. एका असहाय जिवाला रोज सुरी लावतोय आपण, हे तिला लख्ख कळत होतं. पण घरात रडू शकणारं एकच माणूस शिल्लक होतं, आणि तिला ते ऐकल्याशिवाय घास जात नव्हता.

चावीवाल्याला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. कसाई आहेस, म्हणाला, बिचारी टाळ्या वाजवून हसत होती, तेवढंही सुख तिला देववत नाही तुला. ती म्हणाली, तुम्ही द्या की सुख, सकाळी तुम्ही द्या, संध्याकाळी मी सांगेन. आणि खरोखर काही दिवस तसंच चाललं. म्हातारी सकाळी नात जिंकली म्हणून हसायची आणि संध्याकाळी नात मेली म्हणून रडायची. मग तो सकाळी काही सांगेनासा झाला. संध्याकाळी टपरीवर उशीर लावू लागला. पुढे उशीर लावणंही सोडलं, आणि बायको आत गेली की तो बाहेर दाराशी उभा राहू लागला.

एका संध्याकाळी तिला यायला उशीर झाला. जिन्यातच तिला तो हंबरडा ऐकू आला. तिच्या आधी कुणीतरी सांगितलं होतं.

आत नवरा पलंगाशी जमिनीवर बसला होता. नखांत पितळेचा कीस, चेहरा पांढराफटक. ती दारात आलेली त्यानं पाहिली. "मी म्हटलं," तो म्हणाला. एवढंच. त्याचे डोळेही तिच्यासारखेच कोरडे होते, आणि पुढे काहीतरी व्हायला हवं होतं ते होत नाही म्हणून तो तिच्याकडे बघत होता. ती त्याच्याशेजारी जाऊन खाली बसली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्या इतक्या जवळ बसली होती. दोघंही ऐकत राहिली.

म्हातारी रडता रडता दमली, पदरानं नाक पुसलं आणि मग तिचं लक्ष या दोघांकडे गेलं. एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे तिनं नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही दोघं अशी मख्खासारखी काय बसलात रे?" ती म्हणाली. "पोरगी मेली कुणाची, माझी की तुमची?"